डेमोतला सूर्य

तर झालं असं. २०१९ साली आम्ही दोघं पुण्यात फ्लॅट बघत फिरत होतो. एका बिल्डरकडे (नाव राहू दे, लोन अजून चालू आहे) सॅम्पल फ्लॅट तयार नव्हता, म्हणून त्यांनी सरळ डोक्याला व्हीआर हेडसेट चढवला. समोर हॉल, पांढरा सोफा, आणि बाल्कनीतून आत आलेला तिरप्या उन्हाचा सोनेरी पट्टा. बायको म्हणाली, "अरे, इथे बसून सकाळचा चहा!" मी म्हणालो, "वा!" आणि चेक फाडला.

तीन वर्षांनी पझेशन मिळालं. भर दुपारी हॉलमध्ये ट्यूबलाइट लावावा लागतो. समोरची बिल्डिंग अंगावर आलेली आहे, ते एक झालंच. पण खरी गंमत पुढे आहे. आमची बाल्कनी उत्तरेला आहे. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर. इथे सूर्य नेमका उत्तरेला येतो तो मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत, भर दुपारी, आणि तेव्हा तो जवळजवळ डोक्यावर असतो. थेट उत्तरेकडून तिरपं ऊन पुण्यात वर्षातून एकही दिवस येत नाही. म्हणजे त्या डेमोतला सूर्य कुणीतरी छान दिसतो म्हणून हाताने तिथे ठेवला होता! आणि मी, दिवसभर कोड लिहून पोट भरणारा माणूस, त्याला भुललो.

त्यानंतर बरेच वीकेंड एकाच प्रश्नावर घालवले. कॉम्प्युटरला प्रकाश शिकवला कुणी? आणि तो खरा शिकवला की नुसता देखणा?

सुरुवात कॉम्प्युटरच्या खूप आधी होते. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, साधारण १४२० च्या आसपास, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने एक उद्योग केला. हा तोच, ज्याने नंतर तिथल्या कॅथीड्रलचा प्रचंड घुमट बांधला. कॅथीड्रलच्या दारात उभं राहून समोरची बॅप्टिस्ट्री जशी दिसते तशी त्याने एका छोट्या लाकडी फळीवर हुबेहूब रंगवली. फळीला भोक पाडलं. त्याचा चरित्रकार मानेत्ती लिहितो की हे भोक चित्राच्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढं होतं आणि मागे रुंद होत गेलेलं. बघणाऱ्याने फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा आणि दुसऱ्या हातात समोर आरसा धरायचा. आरशात चित्र दिसायचं, आणि ते खऱ्या इमारतीशी जुळायचं. पंधराव्या शतकातला हेडसेटच म्हणा ना.

पण माझा जीव अडकला तो आकाशात. ब्रुनेलेस्कीने आकाश रंगवलंच नाही. तिथे त्याने घासून चकचकीत केलेली चांदी लावली. त्यामुळे चित्रातल्या इमारतीवर त्या क्षणाचं खरं आकाश दिसायचं, वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या ढगांसकट! इमारत भूमितीने काढता येते, पण आकाशाचा प्रकाश काढता येत नाही, तो उसना घ्यावा लागतो, हे त्याला कळलं होतं. ती फळी आज शिल्लक नाही, पण ही चांदी लक्षात ठेवा. ती पुढे परत येणार आहे.

दुसरा धागा डोळ्यांचा. १८३८ साली लंडनमध्ये चार्ल्स व्हीटस्टोनने रॉयल सोसायटीपुढे आपला स्टिरिओस्कोप मांडला. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली तयार करतो, हे त्याने सिद्ध केलं. आणि यासाठी त्याने मुद्दाम नुसत्या रेघांची चित्रं वापरली. छायाप्रकाश घातला असता तर लोक म्हणाले असते की खोली त्यामुळेच दिसते. शास्त्रज्ञ म्हणून बरोबरच केलं त्याने. पण त्याचा वारसा सांगणारी यंत्रं पुढे बरीच वर्षं बिनसावलीचीच राहिली.

उदाहरणार्थ आयव्हन सदरलँड. १९६८ साली त्याने हार्वर्डमध्ये डोक्यावर घालायचा डिस्प्ले बनवला. प्रत्येक डोळ्यापुढे छोटी पिक्चर ट्यूब, आणि डोकं कुठे वळलं हे मोजायला छतापासून लोंबणारा यांत्रिक दांडा. त्या दांड्याचं नाव 'डॅमोक्लीजची तलवार'. डोळ्यांपुढे अर्धपारदर्शक आरसे होते, त्यामुळे खरी खोलीही दिसायची आणि तिच्यात तरंगणारा तारांचा ठोकळाही. म्हणजे आज आपण ज्याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतो ती पहिल्याच दिवशी हजर होती. फक्त त्या ठोकळ्याला ना रंग, ना पृष्ठभाग, ना सावली. तेवढं मोजायची ताकदच तेव्हाच्या मशीनमध्ये नव्हती.

सदरलँड त्याच वर्षी युटा विद्यापीठात गेला, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या पोरांनी प्रकाशाची बाराखडी लिहिली. १९७१ साली आंरी गुरोने आपल्या बायकोच्या, सिल्वीच्या चेहऱ्यावर रेघा आखून त्याचे बिंदू मोजले, आणि त्रिकोणांनी बनलेला तो चेहरा गुळगुळीत दिसेल असं शेडिंग शोधलं. (आमच्या घरी हा प्रस्ताव मांडून बघायची माझी हिंमत नाही.) मग आला व्हिएतनामचा बुई तुओंग फोंग. चकचकीत वस्तूवर दिव्याचा जो पांढरा ठिपका दिसतो, तो त्याने एका साध्या सूत्रात बसवला. १९७३ मध्ये प्रबंध, १९७५ मध्ये पेपर. त्याच वर्षी तो गेला. वय ३२. व्हिएतनामी पद्धतीत आडनाव आधी येतं, म्हणजे 'बुई' हे आडनाव आणि 'फोंग' हे त्याचं स्वतःचं नाव. सगळं जग त्याच्या सूत्राला 'फोंग शेडिंग' म्हणतं, म्हणजे नकळत त्याला पहिल्या नावाने हाक मारतं. मला हे कुठेतरी बरं वाटतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. फोंगचं सूत्र भौतिकशास्त्राचे नियम पाळत नाही. ते डोळ्याला पटतं, एवढंच. त्याने त्यात लबाडी केली असं अजिबात नाही, कमी ताकदीच्या मशीनवर पटकन चालेल असं त्याला हवं होतं. तरी 'पटण्याइतकं' आणि 'खरं' यांची वाटणी तिथूनच सुरू झाली.

खरं मोजायचा आग्रह धरला कॉर्नेल विद्यापीठाने. तिथे केनेथ टॉरन्स हे मेकॅनिकल इंजिनीअर होते. भट्टीच्या भिंती एकमेकींना उष्णता कशी देतात याचं गणित त्यांच्या क्षेत्रात आधीपासून होतं. टॉरन्स, डॉनल्ड ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये तेच गणित प्रकाशाला लावलं. प्रत्येक भिंत दुसऱ्या प्रत्येक भिंतीला थोडा प्रकाश देते. लाल भिंतीशेजारी पांढरा शर्ट घालून उभे राहा, शर्ट गुलाबी दिसेल. तो गुलाबीपणा कॉम्प्युटरला पहिल्यांदा जमला. या मंडळींनी मग एक खरीखुरी पेटी बनवली, आणि १९८६ मध्ये कॅमेऱ्यातून दिसणारी खरी पेटी आणि कॉम्प्युटरने काढलेली पेटी लोकांना शेजारी-शेजारी दाखवली. खरी कुठली? लोकांची उत्तरं निव्वळ अंदाजापेक्षा वरचढ ठरली नाहीत.

हे वाचून मी खुर्चीत जरा सरळ बसलो. १९८६! म्हणजे मी चेक फाडण्याच्या तेहतीस वर्षं आधी.

त्याच १९८६ साली जेम्स काजियाने सगळ्याचा सारांश एका समीकरणात मांडला. एखाद्या बिंदूतून निघणारा प्रकाश म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश, अधिक चहूबाजूंनी येऊन परतवलेला प्रकाश. आणि तो येणारा प्रकाश म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी बिंदूतून निघणारा. आपल्या भाषेत, रिकर्शन, आणि तेही न संपणारं. सोडवायला भयंकर महाग. व्हीआरमध्ये तर आणखी पंचाईत. २०१६ साली आलेले ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह सेकंदाला ९० चित्रं दाखवायचे, म्हणजे दोन्ही डोळ्यांचं मिळून काम अकरा मिलिसेकंदांत उरकायचं. म्हणून अशा डेमोंमध्ये बहुतेक वेळा उजेड आधीच मोजून भिंतींवर 'चिकटवलेला' असतो. सूर्य कुठे आहे हे ज्याने चिकटवलं त्याच्यावर अवलंबून.

बरं, घराच्या उजेडाचं खरं गणित करणारं सॉफ्टवेअर नव्हतंच का? होतं की! अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्डने ऐंशीच्या दशकात 'रेडिअन्स' लिहायला घेतलं. हेतू चित्र सुंदर काढण्याचा नव्हताच. या खिडकीतून या टेबलावर अमुक तारखेला किती उजेड पडेल, ते आकड्यात सांगायचं. ते आज ओपन सोर्स आहे, फुकट आहे.

या रेडिअन्समध्येच प्रखर आणि अंधूक दोन्ही उजेड एकाच चित्रात साठवायची सोय होती, आणि तीच पुढे पॉल डेबेव्हेकच्या कामी आली. १९९८ मध्ये डेबेव्हेकने खऱ्या दृश्यात खोट्या वस्तू बसवायची युक्ती मांडली. त्या जागी एक आरशासारखा चकचकीत गोळा ठेवायचा आणि कमी-जास्त एक्स्पोजरचे बरेच फोटो घ्यायचे. गोळ्यात सगळी खोली दिसते, दिवे, खिडक्या, आकाश. तोच उजेड मग खोट्या वस्तूवर पाडायचा. आठवली ब्रुनेलेस्कीची चांदी? सहाशे वर्षांनी तीच युक्ती! आणि योगायोग बघा, डेबेव्हेकच्या गाजलेल्या गोळा-फोटोंपैकी एक फ्लॉरेन्सचाच आहे, उफिझी गॅलरीचा. आज फोनवरच्या एआरमध्ये खुर्ची ठेवता तेव्हा फोन कॅमेऱ्यातून खोलीच्या उजेडाचा अंदाज घेतो, तो याच घराण्यातला.

आपल्याकडचं एक नाव इथे घ्यायलाच हवं. नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीतून इंजिनीअर झालेले रमेश रासकर. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उलटाच विचार केला. चष्मा नकोच, वस्तूवरच उजेड पाडा. ताजमहालाचं एक पांढरं मॉडेल घेऊन त्यावर प्रोजेक्टरने रंग, दगडाचा पोत, सगळं उजेडानेच चढवलं. वस्तू खरीच समोर असल्याने डोळ्यांना फोकसचा त्रास नाही. हेडसेटमध्ये तो असतो. डोळे जवळच्या वस्तूकडे वळतात पण भिंगाला फोकस ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो, आणि त्याने डोळे थकतात, हे २००८ साली प्रयोगाने दाखवलं गेलं.

दोन गोष्टी मात्र अजून नीट जमलेल्या नाहीत. पहिली, ऊन. उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो, घरात काही शे. नेहमीच्या हेडसेटचे पडदे त्यामानाने मिणमिणते. २०२२ मध्ये मेटाने २०,००० निट्सचा 'स्टारबर्स्ट' नमुना दाखवला, तो इतका जड की दोन्ही हातांनी धरून बघावा लागे. म्हणजे डेमोत मी पाहिलेलं ऊन हे ऊन नव्हतंच, शेजारच्या अंधारामुळे ऊन वाटलेला पिवळा रंग होता.

दुसरी, सावली. पारदर्शक काचेचा एआर चष्मा जगात उजेड मिळवू शकतो, वजा करू शकत नाही. त्याच्या लेखी काळा रंग म्हणजे 'काही नाही'. म्हणून खोट्या खुर्चीखाली सावली पडत नाही आणि ती तरंगल्यासारखी वाटते. २०२२ च्या मॅजिक लीप २ ने काचेचा तेवढाच भाग मंद करायची सोय आणली. २०२४ च्या ॲपल व्हिजन प्रोने काचच काढून टाकली आणि कॅमेऱ्यातून जग दाखवलं. मग सावली हवी तशी पाडता येते, पण खरं जगही कॅमेऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच उरतं.

असो. एवढं सगळं वाचल्यावर हात शिवशिवत होतेच. एका वीकेंडला टेप घेऊन घर मोजलं, समोरच्या बिल्डिंगचे मजले मोजून उंची काढली, आणि सगळं रेडिअन्समध्ये घातलं. वर्षभराचा हिशोब एका रात्रीत आला. बहुतेक दिवस बाल्कनीत थेट ऊन शून्य. फक्त मेच्या शेवटी, सकाळी सातच्या सुमाराला, समोरच्या दोन विंगांमधल्या फटीतून साधारण वीस मिनिटं.

बायकोचा विश्वास बसला नाही. गेल्या मेमध्ये तिला चहा घेऊन बाल्कनीत बसवलं. सात वाजून पाच मिनिटांनी कठड्यावर ऊन आलं. हातभर रुंद असेल. ती काही बोलली नाही, कप त्या उन्हात सरकवला.

सॉफ्टवेअरला खरं सांगता येतं हो. अक्षांश, तारीख, वेळ आणि शेजारच्या इमारती एवढंच त्याला द्यायचं असतं. तेव्हा उद्या कुणी तुमच्या डोक्याला हेडसेट चढवून सोनेरी ऊन दाखवलं, तर 'वा' म्हणण्याआधी एवढं विचारा: ही कुठल्या तारखेची, किती वाजताची वेळ आहे? उत्तर कुठे आहे? आणि शेजारचा प्लॉट मॉडेलमध्ये आहे का? उत्तरं आली नाहीत तर चेकबुक खिशातच राहू द्या.