पहिले पुस्तक सापडते कसे? : कुमारकथेतील नवोदितांच्या शोधाचे विवेचन

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली पहिली कादंबरी दुकानात येते तेव्हा तिची बाजू मांडायला कोणी नसते. लेखकाचे नाव अनोळखी असते आणि ज्याच्या आठवणीने वाचक वळावा असे मागचे पुस्तक नसते. त्यातच ज्याच्यासाठी ती लिहिली, तो चौदा-पंधरा वर्षांचा वाचक स्वतःच्या पैशाने क्वचितच पुस्तक घेतो. तरीही दरवर्षी अशी काही पुस्तके मुलांच्या हाती पडतात. हा नशिबाचा भाग म्हणून सोडून देण्याची गरज नाही. त्यामागची रीत तपासता येते. अमेरिकेतील ‘यंग अडल्ट’ साहित्य त्यासाठी सोयीचे आहे, कारण नवोदितांना शोधण्याच्या व्यवस्था तिथे उघडपणे उभ्या आहेत. त्यांच्या अभ्यासातून एकच गोष्ट ठळकपणे पुढे येते : मुलांच्या जवळ राहून, विकत घेण्याआधी स्वतः वाचणारा प्रौढ जिथे असतो, तिथे नवा लेखक लवकर सापडतो.

१. संज्ञांची निश्चिती

‘यंग अडल्ट’ म्हणजे साधारणपणे १२ ते १८ या वयाच्या वाचकांसाठीचे साहित्य. हे वय वाचकाचे आहे, लेखकाचे नाही. आपल्याकडे ‘युवा’ शब्दामुळे इथे गोंधळ होतो. साहित्य अकादमीचा २०११पासूनचा युवा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी आहे. तो लेखकाचे वय पाहतो आणि पुस्तक कोणत्या वयाच्या वाचकासाठी आहे हे विचारत नाही.

‘नवोदित’ म्हणजेही ‘तरुण’ नव्हे. अँजेलिन बूली यांची ‘फायरकीपर्स डॉटर’ ही पहिली कादंबरी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. उलट, एस. ई. हिन्टन यांची ‘द आउटसायडर्स’ १९६७मध्ये आली तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. दोघीही नवोदितच. म्हणून या लेखात ‘नवोदित’ म्हणजे ज्याचे पहिलेच पुस्तक प्रसिद्ध होत आहे असा लेखक, एवढाच अर्थ धरला आहे. ‘नवा लेखक’ आणि ‘नवे पुस्तक’ यांचाही शोध वेगळा. नावाजलेल्या लेखकाचे नवे पुस्तक नावाच्या बळावर पोचते. पहिल्या पुस्तकाला तो आधार नसतो.

२. शोधाच्या चार वाटा

(अ) वर्गखोली. ‘द आउटसायडर्स’ हे या वाटेचे सर्वांत बोलके उदाहरण. ओक्लाहोमातील टल्सा शहरात राहणाऱ्या सुसान हिन्टनने शाळेत असतानाच ही कादंबरी लिहायला घेतली. मुलीने लिहिलेली मुलांच्या टोळ्यांची गोष्ट समीक्षक नाकारतील, या भीतीने प्रकाशकाने मुखपृष्ठावर केवळ आद्याक्षरे घातली. सर्वसाधारण पुस्तकांच्या मांडणीत ती फारशी चालली नाही. मात्र शिक्षक ती वर्गात वाचायला देत आहेत, हे पुढे प्रकाशकाच्या लक्षात आले. कुमारांसाठी वेगळी बाजारपेठ असू शकते, याची जाणीव प्रकाशन-व्यवसायाला जी थोडी पुस्तके करून देऊ शकली, त्यांत ही एक. म्हणजे आधी वाचक दिसला, त्याच्यासाठी शेल्फ नंतर आले.

(आ) ग्रंथालय. बाल्टिमोरच्या एनॉक प्रॅट ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्झ यांनी १९३०च्या दशकापासून कुमारविभाग घडवला. मुलांना पुस्तक सुचवण्याआधी ग्रंथपालाने ते स्वतः वाचलेले असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या हाताखालच्या सहायकांना शेकडो पुस्तके वाचावी लागत. शाळांमध्ये जाऊन पुस्तकांची तोंडी ओळख करून देण्याची प्रथा त्यांनी रुजवली. घोडागाडीत पुस्तके भरून त्या शहराच्या गल्ल्यांतूनही फिरल्या.

अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या कुमारविभागाने याच परंपरेतून दोन टोकांचे दोन पुरस्कार सुरू केले. एडवर्ड्झ यांच्या नावाचा पुरस्कार दीर्घकाळ टिकलेल्या लेखनासाठी आहे. तो १९८८मध्ये सर्वप्रथम हिन्टन यांनाच मिळाला. दुसरा विल्यम सी. मॉरिस पुरस्कार, २००९पासून, फक्त पहिल्या पुस्तकासाठी. ज्यांच्या नावाने तो दिला जातो ते मॉरिस लेखक नव्हते. हार्पर या प्रकाशनसंस्थेत शाळा आणि ग्रंथालये यांच्याशी संपर्क ठेवण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले. नवोदितांच्या पुरस्काराला पुस्तक आणि ग्रंथपाल यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव द्यावे, यातच या व्यवस्थेची समज दिसते. डिसेंबरमध्ये अंतिम फेरीतील जास्तीत जास्त पाच पुस्तके जाहीर होतात आणि विजेता त्यानंतर. त्यामुळे पुरस्कार न मिळालेली उरलेली नावेही ग्रंथालयांच्या खरेदीयादीत पोचतात.

(इ) संपादकाचे टेबल. डेलाकोर्ट प्रेसने कुमारांसाठीच्या पहिल्या कादंबरीची स्पर्धा बरीच वर्षे चालवली. मिशिगनमधील फ्लिंट येथे मोटारीच्या कारखान्यात १३ वर्षे काम केलेल्या ख्रिस्तोफर पॉल कर्टिस यांनी तिथे ‘द वॉटसन्स गो टू बर्मिंगहॅम’चे हस्तलिखित पाठवले. ते स्पर्धेत जिंकले नाही, कारण त्यातला नायक स्पर्धेच्या वयोगटापेक्षा लहान होता. पण संपादकांनी ते बाजूला न टाकता १९९५मध्ये छापले, आणि पुढच्याच वर्षी त्याला बालसाहित्यातील न्यूबेरी सन्मान मिळाला. नियमाने वगळलेले पुस्तक वाचणाऱ्या माणसाने वाचवले.

मिसिसिपीतील जॅक्सनच्या अँजी थॉमस यांची वाट थोडी वेगळी. पोलिसांच्या गोळीबारावरची कादंबरी कुमारसाहित्यात चालेल का, हा प्रश्न त्यांनी समाजमाध्यमावर एका साहित्य-प्रतिनिधीला विचारला. तिथून ‘द हेट यू गिव्ह’चे हस्तलिखित पुढे गेले, १३ प्रकाशकांनी त्यासाठी बोली लावली, पुस्तक २०१७मध्ये निघाले आणि २०१८चा मॉरिस पुरस्कार त्याला मिळाला. बूली यांना २०१४मध्ये स्थापन झालेल्या ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ या संस्थेच्या मार्गदर्शन-योजनेचा आधार मिळाला. या तिघांसाठीही कोणीतरी दार उघडे ठेवले होते.

(ई) वाचकांची तोंडी शिफारस. अॅडम सिल्व्हेरा यांची ‘दे बोथ डाय अॅट द एंड’ २०१७मध्ये आली. तिच्याबद्दल बोलणाऱ्या मुलांच्या छोट्या चित्रफितींमुळे २०२०नंतर ती पुन्हा खपाच्या याद्यांवर चढली. ही त्यांची पहिली कादंबरी नव्हती, पण वाचकांची शिफारस कॅलेंडर पाहत नाही, हे या उदाहरणातून सिद्ध होते.

३. चाळण्यांचे दोष

प्रत्येक वाट ही एक चाळणी आहे आणि प्रत्येक चाळणीचे भोक वेगळे. त्यामुळे कोणता निकाल कशाचा पुरावा मानायचा, हे आधी ठरवावे लागते.

खपाचा आकडा हा कुमारांच्या पसंतीचा पुरावा नाही. बोकर या संस्थेने २०१२मध्ये केलेल्या पाहणीत १२ ते १७ वयासाठीची पुस्तके विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक १८ वर्षांचे किंवा त्याहून मोठे निघाले, आणि त्यांतले बहुसंख्य स्वतःच्या वाचनासाठी ती घेत होते. म्हणजे यादीवरचे पहिले पुस्तक मुलांच्या मनात पहिले असेलच असे नाही.

वयोगटाचा नियम चांगले पुस्तक गाळू शकतो, हे कर्टिस यांच्या उदाहरणातून दिसलेच. मुलांची शिफारस प्रामाणिक असते, पण जे पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही त्याची शिफारस ते करू शकत नाहीत. पुरस्कार वर्षातून एकदाच बोलतो आणि मोजकीच नावे घेतो.

नवोदितांसाठी वेगळा पुरस्कार म्हणजे सवलत, असाही एक आक्षेप घेतला जातो. तो वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. २०००पासून दिला जाणारा प्रिन्ट्झ पुरस्कार कुमारसाहित्यातील सर्वोत्तम पुस्तकासाठी आहे. त्यात नव्या-जुन्या लेखकांचा भेद नाही. २०१२मध्ये जॉन कोरी व्हेली यांच्या ‘व्हेअर थिंग्ज कम बॅक’ला आणि २०२२मध्ये ‘फायरकीपर्स डॉटर’ला मॉरिस आणि प्रिन्ट्झ हे दोन्ही पुरस्कार मिळाले. वेगळ्या जागेमुळे परीक्षकांची नजर पहिल्या पुस्तकाकडे वळते. गुणवत्तेची कसोटी मात्र तीच राहते.

४. शोधाची रीत

या विवेचनातून पालक, शिक्षक आणि ग्रंथपाल यांच्या उपयोगाची एक रीत निघते. पहिली पायरी, विजेत्यापेक्षा अंतिम फेरीची यादी पाहावी. शोधाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची. दुसरी, एकाच पुस्तकाचे नाव दोन वेगळ्या वाटांनी, समजा ग्रंथपालाकडून आणि मुलांकडून, आले तर ते आधी हाती घ्यावे. तिसरी, पहिली वीस-पंचवीस पाने स्वतः वाचावीत. कुमारांसाठीच्या लेखनात लेखक मुलाच्या डोळ्यांनी पाहतो आहे की मुलाला वरून उपदेश करतो आहे, हे तेवढ्यात कळते. चौथी, पुस्तक मुलाच्या हाती दिल्यावर ते पूर्ण झाले का, अर्ध्यात सुटले का, की मित्राकडे गेले, याची नोंद ठेवावी. मित्राकडे गेलेले पुस्तक हा सर्वांत भरवशाचा निकाल.

५. मराठीपुरते

मराठीत कुमारांसाठी लिहिणाऱ्यांची परंपरा समृद्ध आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पिढ्यांनी वाचला. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून चालू आहे. शोधाची यंत्रणा मात्र ज्येष्ठांकडे अधिक झुकलेली आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१०मध्ये सुरू झाला. मराठीत तो २०१४मध्ये माधुरी पुरंदरे, २०१६मध्ये राजीव तांबे आणि २०१८मध्ये रत्नाकर मतकरी यांना समग्र योगदानासाठी मिळाला. हे सन्मान यथोचितच आहेत, पण स्वभावाने ते एडवर्ड्झ पुरस्काराच्या जातीचे आहेत. राज्याच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा गट वेगळा आणि बालवाङ्मयाचा वेगळा. कुमारांसाठीचे पहिले पुस्तक या दोहोंच्या मधल्या फटीत पडते.

ती फट बुजवायला मोठा निधी लागणार नाही. गावोगावी सार्वजनिक ग्रंथालये आहेत, शाळा आहेत, वाचणारे शिक्षक आहेत. प्रत्येक ग्रंथालयाने वर्षातून एकदा कुमारांसाठीची पाच पहिली पुस्तके निवडावीत, ती ग्रंथपालाने आधी वाचावीत आणि जवळच्या शाळेत जाऊन दहा मिनिटे त्यांच्याविषयी बोलावे. आठवीच्या वर्गातल्या एका मुलीने त्यांतले एक पुस्तक घरी नेले आणि परत करताना त्या लेखकाचे दुसरे पुस्तक मागितले, तर त्या लेखकाला दुसरे पुस्तक लिहिण्याचे कारण मिळाले, असे समजावे.