राक्षसांच्या गावातली मुदत ठेव

बँकांचा इतिहास लिहिणारे विद्वान फार गंभीर असतात. ते इटलीतल्या सावकारांपासून सुरुवात करतात आणि राष्ट्रीयीकरणापर्यंत येईतो वाचक घोरू लागलेला असतो. माझ्यासारख्या बी.कॉम. कारकुनाने, ज्याचं निम्मं आयुष्य काउंटरच्या आतल्या बाजूला बसून 'उद्या या' हे एकच वाक्य निरनिराळ्या सुरांत म्हणण्यात गेलं, त्याने त्या वाटेला जाऊ नये. म्हणून मी निवडल्या आहेत त्या बँका अशा, की ज्यांना भिंती नव्हत्या, तिजोरी नव्हती, आणि ज्यांचे खातेदार दिवसभर तलवार घेऊन राक्षस मारत आणि संध्याकाळी भरणा करायला येत.

या बँका संगणकावरच्या खेळांतल्या. जगभरातले हजारो लोक इंटरनेटवरून एकाच काल्पनिक मुलखात एकाच वेळी खेळतात. राक्षस मारला की सोनं मिळतं. आणि सोनं मिळालं की माणसाला झोप लागत नाही, हा नियम काल्पनिक मुलखातही लागू आहे.

१९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' नावाचा खेळ निघाला. त्यात बँक होती. बँकरसमोर उभं राहून 'बँक' म्हणायचं, की आपली पेटी उघडलीच! स्लिप नाही, सही जुळत नाही ही भानगड नाही, जेवणाची सुट्टी नाही. मात्र व्याजही नाही. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर ती बँक नव्हेच, नुसता लॉकर. बँकेबाहेर चोर टपलेले असत, पण 'गार्ड्स' अशी आरोळी ठोकली की पहारेकरी क्षणात हजर होऊन चोराला तिथल्या तिथे आडवा करीत. आमच्या शाखेतल्या रखवालदाराला हाक मारली, तर तो आधी तोंडातला तंबाखू थुंकून येतो.

पुढे २००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 'एव्हरक्वेस्ट' या खेळातल्या नॉराथ नावाच्या जगाचा हिशेब मांडला. खेळाडू आपल्या तलवारी आणि सोनं खऱ्या डॉलरला विकत होते, त्यावरून त्याने दरडोई उत्पन्न काढलं. ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या मध्ये कुठेतरी आलं. म्हणजे जे गाव नकाशावर नाही, त्या गावचा माणूस आपल्या देशातल्या माणसाहून कितीतरी सुखवस्तू निघाला! आता इतका पैसा दिसल्यावर 'आमच्याकडे ठेवा, दामदुप्पट करून देतो' असं म्हणणारा सद्गृहस्थ उगवणार नाही, असं कसं होईल?

तो 'सेकंड लाइफ'मध्ये उगवला. या जगाचं नाणं खऱ्या डॉलरमध्ये मोडून मिळत असे. तिथे 'गिंको फायनान्शियल' नावाची बँक एका खेळाडूने काढली, ठिकठिकाणी पैसे भरायची यंत्रं उभी केली, आणि वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त व्याज कबूल केलं. चाळीस टक्के हा आकडा ऐकला, की आमच्या धंद्यातला माणूस आधी चप्पल कुठे काढली ते पाहून ठेवतो. २००७ च्या जुलैत चालकांनी त्या जगातल्या जुगारावर बंदी घातली. लोक घाबरून पैसे काढायला धावले आणि ऑगस्टमध्ये बँक आटोपली. खातेदारांच्या ठेवींचं रूपांतर 'कायमच्या रोख्यां'त करण्यात आलं. मुदत कधी संपतच नाही, अशी ती मुदत ठेव! खऱ्या पैशात मोजलं तर सुमारे साडेसात लाख डॉलर बुडाले. तेव्हा कुठे चालक कंपनीने जानेवारी २००८ मध्ये फर्मान काढलं, की खऱ्या सरकारचा परवाना दाखवल्याशिवाय कोणी व्याजाचं नाव काढायचं नाही.

दुसरी गोष्ट आइसलंडची. तिथल्या सीसीपी या कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला खेळ २००३ साली सुरू झाला. त्यातल्या नाण्याचं संक्षिप्त नाव 'आयएसके'. आइसलंडच्या खऱ्या क्रोनाचंही तेच. खेळात फसवणुकीला बंदी नाही. २००६ साली एका बँकेचा चालक सुमारे ७९० अब्ज आयएसके घेऊन पसार झाला आणि त्यानेच ते जाहीरही केलं. कंपनी म्हणाली, नियमात बसतं.

नंतर 'ईबँक' आली. तिला संचालक मंडळ वगैरे सगळं होतं. २००९ साली तिच्या प्रमुखाने, रिकडिक या खेळातल्या नावाच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने, २०० अब्ज आयएसके काढून खऱ्या सुमारे ६,३०० ऑस्ट्रेलियन डॉलरना विकले. कारण? घरासाठी सुरुवातीची रक्कम आणि मुलाच्या आजारपणाचा खर्च. कंपनीने त्याला खेळातून काढलं, पण चोरीसाठी नव्हे! खेळातला पैसा बाहेर विकला म्हणून. हे वाचून मला हसू आलं आणि लगेच थांबलंही. दवाखान्याचं बिल खरं होतं, आणि ज्यांनी रात्र रात्र जागून ठेवी जमवल्या त्यांच्या रात्रीही खऱ्याच होत्या.

माझा भाचा या विषयातला दर्दी. तो म्हणतो, "मामा, नव्या खेळाडूला जहाज घ्यायला कर्ज नको का? बँका हव्यातच."

मी विचारलं, "जामीनदार कोण?"

"तिथे कोणी कुणाला ओळखत नाही."

"हप्ते थकले तर?"

"मग तो नवीन नाव घेऊन परत येतो."

बोला! कर्जदार सापडतच नाही, तर व्याज येणार कुठून? आणि कंपनीने ते स्वतःच्या खिशातून द्यायचं म्हटलं, तर तिचा खिसा म्हणजे नोटा छापायचं यंत्र. सगळ्यांकडे सोनं वाढणार आणि तलवारीचा भाव आभाळाला भिडणार.

आपणही फार शहाणे होतो असं नाही. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, पाठोपाठ केरळातली पलाई सेंट्रल बँक. तेव्हा आपल्याला जाग आली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा मिळाला, माणशी १,५०० रुपयांचा. २०२० पासून तो पाच लाख आहे. आणि आइसलंडचं तर काय सांगावं? ऑक्टोबर २००८ मध्ये त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका आठवड्याभरात कोसळल्या. परवाने होते, इमारती होत्या, गळ्यात टाय होते.

तेव्हा खेळात बँक असावी की नसावी? माझं मत असं, की कंपनीने आधी ठरवावं, रिझर्व्ह बँक व्हायची तिची तयारी आहे का. कर्जदाराचा पत्ता घ्यावा, वह्या तपासाव्यात, ठेव बुडाली तर भरून द्यावी. हे जमत नसेल तर अल्टिमातली ती पेटीच बरी. ती व्याज देत नाही, पण थापही मारत नाही. मात्र पहिला पर्याय निवडला, तर राक्षस मारून थकलेल्या वीराला तलवार बाजूला ठेवून दोन फोटो, रहिवासाचा दाखला आणि तीन ठिकाणी सही द्यावी लागेल. त्या वेळी काउंटरवर बसवायला अनुभवी माणूस हवा असेल, तर 'उद्या या' म्हणण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.