वायुभारमापकापासून मोटारीच्या दाबमापकापर्यंत



पालम येथें भाड्यानें मोटार चालविणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याची गाडी काळा धूर सोडूं लागली व पेट्रोल फार पिऊं लागली. कारागिरानें दाबमापक दोनदां बदलला. चार दिवसांची कमाई गेली, पण दोष गेला नाहीं. अखेर त्या मापकास जोडलेल्या रबरी नळीला चीर पडलेली सांपडली!

या लहानशा वस्तूचें घराणें जुनें आहे. हवेला वजन असतें, हें १६४३ च्या सुमारास इटलींतील टॉरिसेलीनें पाऱ्याच्या नळीनें दाखविलें. १६४८ सालीं पास्कालच्या मेहुण्यानें ती नळी डोंगरावर नेली, तेव्हां पारा खालीं उतरला. १८४४ मध्यें फ्रान्समधील व्हिदीनें पाऱ्याऐवजीं पातळ धातूची निर्वात डबी योजिली. १९६७ सालीं जर्मनीच्या बॉश कंपनीनें तशाच डब्या मोटारीच्या पेट्रोल-फवारणींत बसविल्या. दरम्यान, दाब पडतांच सिलिकॉनचा विद्युत्‌रोध बदलतो, हें १९५४ त स्मिथ यांनीं प्रसिद्ध केलें होतें. पुढें त्याच गुणावर आजचा मापक उभा राहिला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर तो बहुतेक नव्या दुचाकींतही आला.

इंजिन मंद चालतें, तेव्हां त्याच्या श्वासनलिकेंत दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कल असतो. भार वाढला कीं तो बाहेरच्या हवेइतका होऊं लागतो. मापक ही वार्ता विजेच्या रूपानें संगणकास देतो व संगणक त्याप्रमाणें पेट्रोल मोजतो. नळी चिरली कीं बाहेरची हवा आंत शिरते, भार मोठा असल्याचा भास होतो आणि पेट्रोल अधिक जातें. काळ्या धुराचें मूळ तें हेंच.

म्हणून आधीं नळी पाहावी. मग इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी व उपकरणावर आंकडा वाचावा. तो बाहेरच्या हवेइतका यावा. समुद्रकांठीं तो सुमारें १०१, महाबळेश्वरीं सुमारें ८६, आणि पालमास या दोहोंच्या दरम्यान. मापक खरोखर बिघडला असेल, तरच नवा घ्यावा, आणि तोही मूळच्या क्रमांकाचा. टर्बो इंजिनास अधिक पल्ल्याचा मापक लागतो. खोबण जुळली म्हणजे मोजमाप जुळलें, असें नव्हे.

वैद्यानें नाडी पाहिल्यावांचून औषध देऊं नये, हा नियम यंत्रासही लागू आहे.