परसातले पाखरू आणि पानगळीचे रंग

घरामागच्या बागेत येणाऱ्या पाखरांची आणि खारींची, आणि पुढे ऑक्टोबर उजाडला की रंगून निघालेल्या झाडांची छायाचित्रे घ्यावीत, हा छंद आज उत्तर अमेरिकेत आणि इंग्लंडात असंख्य गृहस्थांच्या रविवारांवर निर्वेध अंमल गाजवीत असला, तरी त्याची स्वतंत्र बखर माझ्या पाहण्यात आलेली नाही. छायाचित्रणाच्या इतिहासकारांनी रणांगणे, राजदरबार आणि महानगरे यांना मानाची पाने दिली आणि परसाची बोळवण तळटिपेत केली. पाखरू आणि पानगळ ही जोडी पाहून ती आरंभापासून एकत्र नांदत असावी असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुतः पाखरू काचेवर उतरले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आणि पानगळीचे रंग सामान्य माणसाच्या हाती आले ते त्यानंतर चाळीसएक वर्षांनी. या विलंबाचे मूळ लोकांच्या अरसिकतेत शोधण्याचे कारण नाही. ते चांदीच्या क्षारांच्या स्वभावात आहे.

परसात कॅमेरा नेणाऱ्या पहिल्यावहिल्या मंडळींत वेल्समधील पेनलरगेअरचे जमीनदार जॉन डिलविन लुएलिन यांचे नाव घ्यावे लागते. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक हेन्री फॉक्स टॅल्बट यांच्याशी त्यांचे पत्नीकडून नाते होते, त्यामुळे ही विद्या त्यांच्या घरात फार लवकर पोचली. १८५०च्या दशकात त्यांनी आपल्याच इस्टेटीतील झाडाझुडपांत आणि पाण्याच्या काठी हरणांची, बगळ्याची चित्रे घेतली, आणि ती पाहणाऱ्यास क्षणभर जिवंत भासतात. मात्र ते सगळे प्राणी पेंढा भरलेले होते. याबद्दल त्यांस हसण्यापूर्वी त्या काळचा सरंजाम ध्यानात घ्यावा. काचेवर कलोडियनचा चिकट लेप द्यावा, ती रुप्याच्या द्रावणात बुडवावी, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी, आणि लेप वाळण्याच्या आत जवळच्याच काळोख्या तंबूत नेऊन तिच्यावरील चित्र प्रकट करावे, अशी ती यातायात होती. तिच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणारा बगळा पेंढ्याचाच असणार.

१८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने कलोडियनऐवजी जिलेटिनची तजवीज सुचविली, आणि पुढील दहा वर्षांत तयार कोरड्या काचा दुकानांत मिळू लागल्या. या फेरबदलाचे वर्णन पुस्तकांत बहुधा वेगाच्या भाषेत केलेले असते. माझ्या मते त्याचे खरे महत्त्व निराळे आहे. कोरडी काच पेटीत भरून ठेवता येते, म्हणून ती घेऊन माणसाला थांबता येते. आणि पाखराचे चित्र घेणे म्हणजे नव्वद टक्के थांबणेच होय.

या थांबण्याचे शास्त्र बसविले ते रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या बंधूंनी. यॉर्कशरमधील स्वेलडेल खोऱ्यातल्या थ्वेट या खेड्यात वाढलेले हे दोघे भाऊ लंडनच्या कॅसल या प्रकाशनसंस्थेत नोकरीस होते. थोरला लिहीत असे, धाकटा कॅमेरा सांभाळीत असे. १८९२च्या वसंतात लंडनच्या उत्तरेस त्यांनी अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि १८९५ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचे जे पुस्तक निघाले त्यातील चित्रे सर्वस्वी छायाचित्रेच होती. तोवर अशा पुस्तकांत चित्रकाराच्या कुंचल्याचे राज्य असे, आणि चित्रकारासमोर बहुधा संग्रहालयातले मृत कातडे असे.

घरटे जागचे हलत नाही, पक्षी हलतो. म्हणून पुढचा प्रश्न लपणाचा आला. कीअर्टन बंधूंनी कृत्रिम झाडाचे खोड केले, खोटी मेंढी केली, आणि सर्वांत गाजला तो त्यांचा बैल. हलक्या सांगाड्यावर बैलाचे खरे कातडे ताणून बसविलेले, आत पोकळ, आणि त्या पोकळीत एक मनुष्य कॅमेऱ्यासह अवघडून उभा, भिंग कातड्यातल्या छिद्रातून बाहेर पाहते आहे, असा तो थाट होता. बालपणीच्या अपघाताने लंगडणारा रिचर्ड एकदा या बैलाच्या पोटात ताटकळत उभा असता मूर्च्छित झाला आणि बैल चारी पाय वर करून आडवा पडला. तेव्हा चेरीने आधी त्या उताण्या बैलाचे छायाचित्र घेतले आणि मग भावास बाहेर काढले, असे सांगतात. ज्याने छंदिष्ट माणसाबरोबर संसार केला आहे त्याला या क्रमाचे नवल वाटणार नाही.

अटलांटिकच्या पलीकडे, इंडियाना राज्यातील जिनीव्हा गावी, हाच उद्योग जीन स्ट्रॅटन-पोर्टर या गृहिणीने चालविला होता. पुढे कादंबरीकार म्हणून त्यांना अफाट लोकप्रियता लाभली. परंतु त्या आधीपासून जवळच्या लिंबरलॉस्ट दलदलीत जड कॅमेरा आणि काचा घेऊन त्या पक्ष्यांच्या मागे हिंडत. घरात निराळी काळोखी खोली नव्हती, म्हणून न्हाणीघराच्या दाराखालची फट कापडाने बुजवून तेथे काचा प्रकट करायच्या, आणि सणासुदीला भाजलेला टर्की ज्या मोठ्या ताटांत वाढायचा त्याच ताटांत स्वयंपाकघराच्या मोरीवर त्या धुवायच्या, असा त्यांचा कारखाना चाले. १९०७ मध्ये पक्ष्यांविषयी त्यांचे जे पुस्तक आले, ते वाचताना या ताटांचे स्मरण ठेवलेले बरे. रसायनांचा वास आणि रविवारचे जेवण यांचे एका छपराखाली नांदणे, हे या छंदाचे लक्षण तेव्हापासून फार काळ टिकून राहिले.

रात्रीचा मुलूख जिंकला तो जॉर्ज शायरस यांनी. हे वकील, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींचे चिरंजीव, पेनसिल्व्हेनियातून निवडून आलेले काँग्रेसचे सभासद, आणि मूळचे पट्टीचे शिकारी. मिशिगनमधील मार्केट या गावाजवळच्या व्हाइटफिश सरोवरावर, होडीच्या नाळेवर दिवा लावून दिपलेल्या हरणाजवळ जाण्याची तेथील मूलनिवासी ओजिब्वे शिकाऱ्यांची रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी बंदूक खाली ठेवून तिच्या जागी कॅमेरा आणला आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून पाण्यावर आलेली हरणे टिपली. पुढे त्यांनी वाटेवर आडवी दोरी ताणली. प्राण्याचा पाय अथवा तोंड तिला लागले की भडकाही उडे आणि चित्रही उतरे, धनी कोठे का असेना. जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने त्यांची सत्तरांहून अधिक छायाचित्रे एका अंकात छापली. आमच्या देशात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी शिवालिकच्या पायथ्याच्या रानांत याच दोरीची युक्ती वाघावर योजिली, आणि त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. शायरस यांनी १९०४ मध्ये स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचे विधेयक आणले ते तेव्हा मंजूर झाले नाही. पुढे १९१८ मध्ये झालेल्या तशाच कायद्याचे बीज मात्र त्यातच होते.

आता पानगळीकडे वळू. न्यू इंग्लंडची अरण्ये आपल्या नवरात्राच्या सुमारास रंगू लागतात. आपल्याकडील पानगळ माघ-फाल्गुनात येते आणि बहुधा करडी, धुळकट असते, म्हणून त्या अद्भुताची कल्पना येथे बसून करणे कठीण. दिवस आखडू लागले की पानातील हरितद्रव्याचा विलय होतो, आणि त्याखाली उन्हाळाभर झाकलेला पिवळा वर्ण उघडा पडतो; बर्चचा पिवळा हा असा आधीपासूनच असलेला. मेपलचा लाल वर्ण मात्र तेव्हाच नव्याने तयार होतो, आणि दिवसा लख्ख ऊन व रात्री गारवा असेल तर तो अधिक खुलतो. अमेरिकन लेखक थोरो याने या रंगांवर लिहिलेला दीर्घ निबंध ‘अटलांटिक मंथली’त ऑक्टोबर १८६२ मध्ये छापून आला, तेव्हा त्याला जाऊन पाच महिने झाले होते. म्हणजे डोळे होते, भाषा होती, कॅमेराही होता. परंतु त्या काळची काच केवळ निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देई. निळे आकाश तिच्यावर कोरे पांढरे पडे, आणि पिवळी बर्च व तांबडा मेपल काळ्या डागासारखे. वर्षातला सर्वांत तेजस्वी ऋतू छायाचित्रात सर्वांत अंधारा दिसे, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

१८७३ साली बर्लिनच्या हेरमान व्हिल्हेल्म फोगेल यांनी काचेच्या लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्या-पिवळ्याची दृष्टी दिली. लालाची दृष्टी असलेली काच विक्रीस यायला १९०६ उजाडले. आणि ही सगळी कृष्णधवल छटांचीच गोष्ट झाली. प्रत्यक्ष रंग आणले ते ल्योंच्या ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये, आणि तेही बटाट्याच्या पिठातून. पिठाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरवे व जांभळे रंगवून, एकत्र कालवून काचेवर पसरायचे, मधल्या फटी काजळीने बुजवायच्या, आणि वर लेप द्यायचा. प्रत्येक कण जणू रंगीत खिडकीचे एक तावदान. फुलबागा त्यावर देखण्या उतरल्या. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने १९१४ साली छापलेले अशा तऱ्हेचे पहिले चित्रही बेल्जियममधील गेंट येथील फुलबागेचेच होते. परंतु साध्या काचेच्या कितीतरी पट अवधी या काचेस लागे, आणि ऑक्टोबरातला वारा तेवढी उसंत देत नाही. त्यात काच एकुलती एक, तिची प्रत निघत नसे.

खरी क्रांती १९३५-३६ मध्ये कोडॅक कंपनीच्या कोडॅक्रोम या रंगीत फिल्मने झाली, आणि तिचे जनक दोन संगीतज्ञ होते: पियानो वाजविणारे लिओपोल्ड मॅन्स आणि व्हायोलिन वाजविणारे लिओपोल्ड गोडॉव्स्की. ही फिल्म घरच्या न्हाणीघरात प्रकट करणे अशक्य होते. ती टपालाने कंपनीकडे रॉचेस्टरला रवाना करायची आणि पुठ्ठ्याच्या चौकटींत बसविलेल्या पारदर्शिकांची डबी परत येण्याची वाट पाहायची. धुण्याचा खर्च फिल्मच्या किमतीतच धरलेला असे. ही वहिवाट अमेरिकेत १९५४ साली सरकारी खटल्यातील तडजोडीने मोडली. डबी हाती येईतो झाडे निष्पर्ण झालेली असत, म्हणजे चूक सुधारायची तर पुढच्या ऑक्टोबरची मुदत. आणि ही फिल्म इतकी मंद होती की उडत्या पाखराशी तिचे जमेना. पानगळ तिला मानवली, कारण पाने निदान मनात आणले तर स्थिर राहतात.

पाखरू आणि पानगळ एका माणसाच्या हाती एकत्र आली ती एलियट पोर्टर यांच्या. हे वैद्यकाचे पदवीधर, हार्वर्डमध्ये संशोधन करणारे. पक्ष्यांची त्यांची कृष्णधवल चित्रे एका प्रकाशकाने रंगाविना पक्ष्यांची ओळख पटणार नाही म्हणून परत केली, आणि पोर्टर रंगाकडे वळले. वेगाची उणीव त्यांनी प्रकाशाच्या बल्बांनी भरून काढली. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात त्यांच्या रंगीत पक्ष्यांचे प्रदर्शन भरले. पुढे थोरोच्या उताऱ्यांशी आपली ऋतुचित्रे जोडून त्यांनी सिएरा क्लब या निसर्गरक्षक संस्थेसाठी जो ग्रंथ सिद्ध केला तो १९६२ साली, म्हणजे थोरोच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनी बाहेर पडला. त्यातली पानगळ उन्हाने झगमगणारी नाही. ढगाळ दिवसाच्या मवाळ उजेडात पाण्यावर तरंगणारी, दगडावर चिकटलेली, जवळून पाहिलेली पाने तेथे आहेत.

हौशी मंडळींनी मात्र पोर्टर यांचा मार्ग फारसा धरला नाही. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात १९५० पासून १९९० पर्यंत कोडॅक कंपनीने साठ फूट रुंद प्रकाशित चित्रे टांगली, आणि निळे आकाश, लाल टेकडी, पुढ्यात सुखी कुटुंब या नमुन्याने अभिरुचीवर जो शिक्का मारला तो अद्याप पुसलेला नाही. दसरा-दिवाळीच्या मधल्या शनिवारी न्यू जर्सीतून व्हर्माँटकडे निघणारी मराठी कुटुंबे ‘फॉल कलर्स’ची जी चित्रे नातलगांस धाडतात, त्यांतही तोच नमुना दिसतो, मला तो खुपतो, परंतु पाठविणाऱ्यांच्या आनंदात त्याने तिळमात्र उणे येत नाही.

कोडॅक्रोम धुणारी अखेरची प्रयोगशाळा कॅन्सस राज्यात होती. तिनेही २०१०च्या डिसेंबराअखेर हे काम घेणे थांबविले. शायरस यांची दोरी आता कुंपणाच्या खांबाला बांधलेल्या, प्राण्याच्या उष्णतेने जाग्या होणाऱ्या लहानशा डबीत शिरली आहे आणि रात्री कचऱ्याच्या डब्याशी आलेल्या रॅकूनचे चित्र सकाळी घरमालकास दाखविते. आणि ज्या लाल रंगाचा काचेला पत्ताच नसे, तो नव्या संवेदकाच्या पदरी एवढा भरभरून पडतो की भडक मेपलच्या पानावरच्या शिरा प्रथम त्यातच बुडून नाहीशा होतात. म्हणून जाणते हौशी लोक अशा वेळी प्रकाश मुद्दाम थोडा कमी घेतात.