मोजणीत मावणारा आकार

आकार डोळ्यांनी पाहावा आणि संख्या बोटांनी मोजाव्या, अशी भूमिती व अंकगणित यांच्यातील कामाची वाटणी आपण शाळेपासून गृहीत धरीत आलो आहोत. ही वाटणी कशी मोडली, आणि मोजणी करणाऱ्यांच्या हाती शेवटी काय लागले, याचा थोडक्यात वृत्तांत आज आपण पाहणार आहोत.

१७५० साली ऑयलरने गोल्डबाखला एका पत्रातून एक साधा हिशेब कळविला. घनाचे कोपरे ८, कडा १२, पृष्ठे ६. कोपऱ्यांतून कडा वजा करून पृष्ठे मिळवा, २ उरतात. चेंडूच्या पृष्ठभागाचे त्रिकोणी तुकडे कसेही पाडा, उत्तर २ च. मेदूवड्याच्या पृष्ठभागाचे पाडा, उत्तर ० येते. म्हणजे मधले भोक न पाहताही मोजणीला ते कळते! १८९५ साली पॉईंकारेने या मोजणीचे शास्त्र केले. तेच आजचे संस्थितिशास्त्र, म्हणजे टोपॉलॉजी.

पण येथे एक शंका उभी राहते. मिळालेली संख्या आकाराची, की आपल्या कात्रीची? ही शंका पोकळ नव्हती. एकाच आकाराचे दोन प्रकारे तुकडे पाडले, तर ते आणखी बारीक करून परस्परांशी जुळविता येतीलच असे नाही, हे १९६१ साली मिल्नरने उदाहरणाने दाखविले. म्हणून प्रत्येक मोजणीने आपण कात्रीवर अवलंबून नाही हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. पॉईंकारेच्या संख्या त्या कसोटीस उतरल्या आहेत.

दुसरी अडचण १९३१ साली हॉप्फने पुढे आणली. चेंडूच्या पृष्ठभागाभोवती, त्याहून एक मिती अधिक असलेला गोल असा गुंडाळता येतो, की तो सैल करून एका बिंदूवर आणता येत नाही. अशा गुंडाळण्या अगणित आहेत. आणि जुन्या मोजणीला त्यांचा पत्ताच नव्हता!

यातून वाट १९३७ साली हान्स फ्रॉयडेंटाल यांनी काढली. एक वर्तुळ घ्या. वर एक बिंदू, खाली एक बिंदू. वर्तुळाचा प्रत्येक बिंदू या दोहोंशी जोडा. चेंडूसारखा पृष्ठभाग तयार होतो, मिती एकाने वाढते. हीच क्रिया हॉप्फच्या दोन्ही गोलांवर केली, तर अगणित गुंडाळण्यांऐवजी दोनच प्रकार उरतात. पुन्हा करा, दोनच; कितीही वेळा करा, दोनच. एका मर्यादेपुढे उत्तर बदलत नाही. या न बदलणाऱ्या भागास ‘स्थिर’ म्हणतात.

फ्रॉयडेंटाल ज्यू होते. १९४० साली हॉलंड जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर अॅमस्टरडॅम विद्यापीठातील त्यांचे काम सुटले आणि पुढे श्रमछावणी नशिबी आली. त्याच अॅमस्टरडॅममध्ये १९२७ साली जन्मलेला डॅनियल कान हा मुलगा बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीतून वाचला. आयलेनबर्ग व झिल्बर यांनी १९५० साली तुकड्यांच्या हिशेबाची नवी रीत घातली होती. कान यांनी ती पुढे नेली आणि १९६३ साली स्थिर आकारांसाठी एक नोंदवही सिद्ध केली.

तिची योजना अशी. प्रत्येक तुकड्यास एक मिती-अंक; तो ऋणही चालतो, कारण स्थिर जगात मिती वर किंवा खाली सरकविण्यास अडसर नाही. प्रत्येक तुकड्यास कडांची न संपणारी यादी; परंतु तीत खऱ्या कडा मोजक्याच, बाकीच्या शून्यवत्. कोणती कड कोणत्या तुकड्याची, एवढ्या नोंदीत स्थिर आकाराची जात पुरी सामावते. चित्र काढावेच लागत नाही.

तेव्हा चित्र निरुपयोगी ठरले काय? तसे म्हणता येणार नाही. फ्रॉयडेंटाल यांनी वर्तुळावर-खाली बिंदू कल्पिले नसते, तर वहीत काय नोंदवावे हेच कळते ना. शिवाय वही हाती आली म्हणजे हिशेब झाला असेही नव्हे. गोलांच्या स्थिर गुंडाळण्यांचे प्रकार, पहिली पायरी सोडता, प्रत्येक पायरीस मोजकेच असतात, हे सेर यांनी १९५१ साली सिद्ध केले. तरी त्यांची संपूर्ण यादी आजही कोणापाशी नाही. मोजता येते एवढे निश्चित झाले आहे. मोजणे चालू आहे.