बर्फावरची मोटार आणि तिचें इंजिन

कॅनडाच्या पूर्वभागांतील क्वेबेक प्रांतांत हिंवाळ्याचें राज्य चार-पांच महिने अबाधित चालतें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तर या प्रांताच्या खेड्यांतून पहिला मोठा हिमपात झाला, कीं मोटारगाड्या ठोकळ्यांवर चढवून त्यांना वसंत ऋतूपर्यंत रजा देण्यांत येई. पुढचा सारा व्यवहार घोडा आणि घसरगाडी यांच्यावर चाले. टपाल उशिरां येई, शाळा ओस पडत, आणि कोणाच्या घरीं कठीण दुखणें आलें तर डॉक्टर येईल किंवा नाहीं हें आभाळाकडे पाहून ठरे. ज्या वाहनाला आज जग स्नोमोबाईल म्हणून ओळखतें, त्याचा जन्म या अडचणींतून झाला. आज तें बहुधा करमणुकीचें साधन समजलें जातें. परंतु त्याच्या इतिहासाचा आरंभ करमणुकींत झालेला नाहीं.

या प्रांतांतील वालकूर नांवाच्या खेड्यांत १९०७ सालीं जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए याचा जन्म झाला. यंत्रांचें वेड त्याला बाळपणापासूनच होतें. बापानें त्याला फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ जातीच्या जुन्या गाडीचें इंजिन देऊन टाकलें होतें. १९२२ च्या अखेरच्या दिवशीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं, त्यानें तें इंजिन एका घसरगाडीवर बसविलें, मागल्या बाजूस विमानासारखा पंखा जोडला आणि भावाला सुकाणूवर बसवून गाडी गांवच्या रस्त्यावर काढली. गाडी धांवली, पण तो उघडा फिरणारा पंखा पाहून बापाच्या अंगावर कांटा आला व ती मोडून टाकण्याचा हुकूम सुटला. पुढें १९२६ मध्यें त्यानें गांवांतच मोटारदुरुस्तीचें गॅरेज उघडलें. पोटासाठीं दुरुस्तीचीं कामें करावीं आणि उरलेला वेळ बर्फावरच्या गाडीच्या प्रयोगांत घालवावा, असा त्याचा क्रम होता. असले प्रयोग करणारा तो एकटाच नव्हता. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत कार्ल एलियासन यानें १९२४ मध्यें एक लांबट मोटार-घसरगाडी तयार करून १९२७ मध्यें तिचें पेटंट मिळविलें होतें.

१९३४ च्या हिंवाळ्यांत बॉम्बार्डिएच्या प्रयोगांना निराळेंच गांभीर्य आलें. त्याच्या दोन वर्षांच्या मुलास अपेंडिसाइटिसचा विकार होऊन तो पोटांत पसरूं लागला. शस्त्रक्रियेसाठीं मुलाला शेरब्रुक शहरच्या रुग्णालयांत नेणें अवश्य होतें. रस्ते बर्फानें बुजून गेले होते; आणि बर्फावर चालणारी गाडी बापाच्या कारखान्यांत असूनहि ती चालण्याच्या स्थितींत नव्हती. मूल दगावलें.

या एका घटनेमुळेंच पुढचा शोध लागला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल, कारण प्रयोग कित्येक वर्षें चालूच होते. परंतु जें काम सवडीनें चाललें होतें, त्याला आतां सवड उरली नाहीं. १९३५ मध्यें बॉम्बार्डिएनें रबराचें आवरण असलेलें दातेरी चाक आणि त्याभोंवतीं फिरणारा अखंड पट्टा अशी जोडी सिद्ध केली. चाकाचे दांते पट्ट्याला ओढीत, पट्टा गाडीचें वजन बर्फाच्या मोठ्या क्षेत्रावर पसरी, आणि त्यामुळें मऊ बर्फांतहि गाडी रुतत नसे. गाडी वळविण्यासाठीं पुढल्या बाजूस चाकांऐवजीं स्की बसविलेल्या असत. १९३७ मध्यें या रचनेचें पेटंट त्याला मिळालें. याच सुमारास सात माणसांची ‘बी-७’ गाडी बाजारांत आली, व पुढें बारा माणसांची ‘बी-१२’ निघाली. तिचीं गिऱ्हाइकें म्हणजे गांवोगांवचे डॉक्टर, धर्मोपदेशक, टपाल वाहणारे आणि शाळांचे चालक. चैनीसाठीं गाडी घेणारा त्यांत क्वचितच असे.

१९४८ मध्यें क्वेबेक सरकारनें खेड्यांतील रस्ते हिंवाळ्यांतहि मोकळे ठेवण्याचें धोरण स्वीकारलें. लोकांची मोठी सोय झाली. पण जी अडचण दूर करण्यासाठीं कारखाना उभा राहिला होता, तीच नाहींशी होऊं लागल्यानें त्याची विक्री झपाट्यानें घसरली. तेव्हां बॉम्बार्डिए आपल्या जुन्या कल्पनेकडे वळला. एकादोघांनीं स्वार व्हावें, रस्ता नसेल तेथेंहि जावें, अशी लहान व हलकी गाडी त्याला हवी होती. त्याच्या थोरल्या मुलानें तयार केलेला अखंड रबरी पट्टा आणि बाजारांत नव्यानें मिळूं लागलेलीं छोटीं इंजिनें यांच्या योगानें १९५९ मध्यें ही गाडी साकार झाली. तिचें नांव ‘स्की-डॉग’ ठेवावयाचें होतें, कारण ती कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणार होती. परंतु छपाईंतील चुकीनें तें ‘स्की-डू’ झालें व तेंच रूढ झालें, अशी हकीकत सांगतात. आरंभींची एक गाडी ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तरेकडील लॅन्सडाउन हाउस या दूरच्या वस्तींत मोरिस विमे नांवाच्या मिशनऱ्याकडे गेली. तत्पूर्वीं १९५४-५५ च्या हिंवाळ्यांत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांतील रोझो गांवीं शेतीचीं अवजारें करणाऱ्या कारखान्यांतहि अशीच एक ओबडधोबड गाडी तयार झाली होती. तोच कारखाना पुढें पोलारिस या नांवानें प्रसिद्धीस आला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९५९ च्या त्या पहिल्या स्की-डूचें इंजिन फोर-स्ट्रोक जातीचें होतें, आणि त्याची शक्ति अवघी सात अश्वशक्ति होती. अशा इंजिनांत मिश्रण आंत ओढणें, दाबणें, जाळणें आणि धूर बाहेर टाकणें हीं चार कामें दट्ट्याच्या चार निरनिराळ्या फेऱ्यांत होतात. टू-स्ट्रोक इंजिन हींच कामें दोन फेऱ्यांत उरकतें. त्याला झडपांचा संसार नसतो. म्हणून तें हलकें, स्वस्त आणि वजनाच्या मानानें जोरदार असतें. बर्फांत रुतलेली गाडी हातानें उचलावी लागते, तेथें हलकेपणाचें मोल फार. साहजिकच १९६० नंतरच्या दशकांत टू-स्ट्रोक इंजिनानें हें क्षेत्र काबीज केलें. परंतु घाईनें उरकलेल्या कामांत जो दोष राहतो तो येथेंहि राहिला. धूर बाहेर जाण्याची वाट उघडी असतांनाच ताजें मिश्रण आंत येत असल्यामुळें जुन्या धाटणीच्या इंजिनांत चवथा हिस्सा किंवा त्याहूनहि अधिक पेट्रोल न जळतांच बाहेर जाई, आणि त्यांत मिसळलेलें वंगणतेलहि निळा धूर होऊन निघे. जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांमागून ज्यांनीं प्रवास केला आहे, त्यांना या धुराची ओळख करून देण्याचें कारण नाहीं.

त्या वेळीं मात्र याचा विचार कोणी फारसा केला नाहीं. १९७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेंत वर्षाला जवळजवळ पांच लाख गाड्या विकल्या जात होत्या, व त्या करणारे कारखाने शंभराहून अधिक झाले होते. १९ एप्रिल १९६८ रोजीं राल्फ प्लेस्टेड याच्या तुकडीनें याच गाड्यांवरून उत्तर ध्रुव गांठला. त्या तुकडींत बॉम्बार्डिएचा पुतण्या होता. बॉम्बार्डिए स्वतः हें पाहण्यास राहिला नव्हता; १९६४ मध्यें त्याचें निधन झालें होतें. फिनलंडच्या उत्तरेस रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांत १९६२ पासून ही गाडी शिरली, आणि थोड्याच वर्षांत रेनडिअरची घसरगाडी मागें पडली. पेर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञानें १९७३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या बदलाचा हिशेब मांडला आहे. पूर्वीचें वाहन रानांतल्या चाऱ्यावर पोसलें जाई. नव्या वाहनाला पेट्रोल आणि सुटे भाग रोख पैशांनीं विकत घ्यावे लागले. ज्यांना तें झेपलें ते पुढें गेले, आणि ज्यांना झेपलें नाहीं त्यांचे कळप हातचे गेले.

धुराचा प्रश्न अखेर एका निराळ्याच ठिकाणीं ऐरणीवर आला. अमेरिकेंतील यलोस्टोन हें १८७२ मध्यें स्थापन झालेलें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान होय. १९६३ पासून तेथें हिंवाळी पाहुणे या गाड्यांवरून येऊं लागले. १९९० नंतर गर्दी इतकी वाढली, कीं प्रवेशद्वाराशीं रांग लागून निळ्या धुराचा थर तरंगत राही. नाक्यावरील कर्मचाऱ्यांच्या खोलींत बाहेरून स्वच्छ हवा पंपानें सोडावी लागे, आणि २००२ मध्यें तर त्यांना श्वसनाचे मुखवटे देण्याची वेळ आली. गवे आणि एल्क हरणें यांना हिंवाळ्यांत अंगचें बळ राखून ठेवावें लागतें. तेथें इंजिनांचा कर्कश नाद चाललेला असे. २००१ च्या आरंभीं या गाड्यांना टप्प्याटप्प्यानें बंदी करण्याचा नियम झाला. पुढें सरकार बदललें, नियम बदलला, आणि प्रकरण न्यायालयांतून फिरत राहिलें. अखेर २००४ पासून मर्यादित संख्येनें, वाटाड्याबरोबर, आणि धूर व आवाज यांची ठरलेली मर्यादा पाळणाऱ्या गाड्यांनाच प्रवेश मिळूं लागला. ही मर्यादा पाळणें त्या काळीं बहुतांशीं फोर-स्ट्रोक इंजिनालाच शक्य होतें.

अशा रीतीनें चाळीस वर्षें बाजूस पडलेलें इंजिन पुन्हां मुख्य प्रवाहांत आलें. २००२ च्या मॉडेलांत आर्क्टिक कॅट व पोलारिस या कंपन्यांनीं फोर-स्ट्रोक गाड्या काढल्या. पाठोपाठ २००३ च्या मॉडेलांत यामाहा कंपनीनें आपल्या मोटारसायकलच्या इंजिनावरून घेतलेली चार सिलिंडरांची, ९९८ घनसेंटिमीटरची ‘आरएक्स-१’ ही गाडी आणली. फोर-स्ट्रोक म्हणजे मंद, हा समज तिनें पुसून टाकला. २००२ मध्येंच अमेरिकन सरकारनें या गाड्यांच्या धुरासंबंधीं नियम केले व २००६ च्या मॉडेलांपासून ते लागू झाले. टू-स्ट्रोकवाल्यांनींहि हार मानली नाहीं. पेट्रोल नेमक्या क्षणीं थेट सिलिंडरांत सोडण्याची युक्ति साधून त्यांनीं आपला धूर पुष्कळच कमी केला, आणि डोंगरांतील खोल बर्फांत हलक्या गाडीचें महत्त्व आजहि कायम आहे. परंतु राखलेल्या हिमवाटांवर दिवसभर दूरचा प्रवास करणाऱ्यांनीं मात्र फोर-स्ट्रोक इंजिन आपलेंसें केलें. एकट्या क्वेबेकमध्यें अशा वाटांची लांबी तीस हजार किलोमीटरांहून अधिक आहे, आणि त्या मुख्यतः स्थानिक मंडळांच्या वर्गणीवर व स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतात.

इंजिन बदललें तशी स्वाराची कामेंहि बदललीं. टू-स्ट्रोक गाडींत तेल पेट्रोलाबरोबर जळून जाई; तें संपलें कीं भरलें, इतकेंच काम. फोर-स्ट्रोक इंजिनांत तेल आंतच फिरत राहतें व हळूहळू मळतें. म्हणून तें ठराविक अंतरानें, आणि गाडी उन्हाळ्यासाठीं ठेवण्यापूर्वीं तर अवश्य, बदलावें लागतें. कडाक्याच्या थंडींत घट्ट होणार नाहीं असेंच तेल घालावें लागतें. इंजिन क्षणभर चालू करून लगेच बंद करण्याची संवय वाईट. कारण तेवढ्यानें तें तापत नाहीं, आणि पेट्रोलाचा अंश व पाण्याचा दमटपणा तेलांत उतरतो. झडपांमधील अंतर वेळोवेळीं तपासावें लागतें. गाडी बटनानें सुरू होते, त्यामुळें बॅटरी अशक्त असून चालत नाहीं. याखेरीज इंजिनाची शक्ति पट्ट्याकडे नेणारा रबरी बेल्ट झिजतो. त्यावर चिरा दिसल्या तर तो बदलावा, आणि एक बेल्ट नेहमीं बरोबर ठेवावा. पट्टा फार ताणला तर शक्ति वायां जाते. सैल राहिला तर दांत्यांवरून उडतो. त्याला आधार देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि इंजिनाचें पाणी हीं दोन्हीं बर्फाच्या तुषारांनींच थंड राहतात. म्हणून उघड्या काचेसारख्या बर्फावरून बराच वेळ गेलें, तर भोंवतीं शून्याखालीं थंडी असूनहि इंजिन तापून उठतें.

चालविण्याची रीतहि थोडी निराळी. गति उजव्या अंगठ्याशीं आणि ब्रेक डाव्या हातांत असतो. फोर-स्ट्रोक गाडी पुढल्या भागांत जड असते. वळणावर ती सरळच जाऊं पाहते, म्हणून वळणापूर्वींच वेग कमी करून अंग आंतल्या बाजूस झुकवावें लागतें. अंगठा सोडला, कीं इंजिन स्वतःच गाडीला आवरतें. मागून येणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावयाचें असतें. स्वार पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी कोटाला अडकविलेली असावी. वाटेच्या उजव्या बाजूनें जावें. गोठलेल्या तळ्यावर ताजा, स्वच्छ बर्फ निदान सात इंच, म्हणजे सुमारें १८ सेंटिमीटर जाड असल्याची खात्री झाल्याशिवाय गाडी घालूं नये. आणि प्रवाह वाहत असेल तेथें त्या जाडीवरहि विसंबूं नये.

व्यापाराचें चक्र फिरतच असतें. ज्या यामाहा कंपनीनें या इंजिनाची प्रतिष्ठा वाढविली, तिनेंच २०२३ मध्यें या व्यवसायांतून निवृत्त होण्याचें जाहीर केलें, आणि २०२५ चीं मॉडेलें तिचीं शेवटचीं ठरलीं. तरी या इतिहासांतील मुख्य गोष्ट त्यानें बदलत नाहीं. टू-स्ट्रोकच्या हलकेपणाची किंमत पुष्कळ वर्षें नाक्यावरच्या माणसानें आणि रानांतल्या जनावरांनीं भरली. फोर-स्ट्रोक इंजिनानें ती किंमत नाहींशी केलेली नाहीं. तिचा मोठा वांटा मालकाच्या हातांवर, त्याच्या तेलकट चिंध्यांवर आणि तपासणीच्या वहीवर आणून ठेवला आहे. आणि मालकाकडून एवढी अपेक्षा अवाजवी म्हणतां येत नाहीं. वालकूरच्या कारखान्यांत १९३४ सालीं गाडीची कल्पना होती, कौशल्य होतें, सामानहि होतें. ज्या रात्रीं गरज पडली त्या रात्रीं ती चालण्याजोगी नव्हती, एवढीच उणीव होती.