महामारी, मन आणि आपली वस्ती : वर्ध्यातून काही प्रश्न

१८९७ साली दोन गोष्टी घडल्या. ४ फेब्रुवारीला इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. चार कलमांच्या त्या कायद्याने सरकारला प्रवाशांना तपासण्याचे, माणसांना वेगळे ठेवण्याचे आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा करण्याचे अधिकार दिले. त्यात रुग्णाच्या हक्काचा एक शब्द नव्हता. सावित्रीबाई आणि डॉ. यशवंतराव यांनी मात्र हडपसरजवळ दवाखाना उघडून रुग्णाला जवळ घेतले.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने तोच कायदा पुन्हा लागू केला. प्रश्न असा की, सावित्रीबाईंचे काम तेव्हा कोणी केले? आणि माणसाचे शरीर वाचवण्याच्या धावपळीत त्याच्या मनाकडे कोणी पाहिले?

आपल्या विदर्भात मनाचा आजार म्हटले की लोकांना आधी नागपूरचे 'पागलखाने' आठवते. ते १८६४ साली उघडले. वर्ध्याच्या माणसालाही शंभरावर वर्षे तीच वाट होती. इंग्रजांचा हेतू उपचारापेक्षा कोंडून ठेवण्याचा जास्त होता. स्वतंत्र भारताने १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणला, १९९६ मध्ये तो जिल्हा पातळीवर न्यायला सुरुवात केली. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेले राज्य त्या मोजणीत नाही, याला काय म्हणावे?

आत्महत्यांमुळेच २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत वर्धाही होता. आशाताईने प्रश्नावली घेऊन घरोघरी जायचे, खचलेला माणूस ओळखायचा, त्याला दवाखान्यापर्यंत पोचवायचे, अशी ती रचना. म्हणजे कोरोना आला तेव्हा वर्ध्यात काहीच नव्हते असे नाही. दारापर्यंत जाणारी एक वाट होती.

महामारीत काय झाले? एप्रिल २०२० अखेर वर्धा ग्रीन झोनमध्ये होता. रोग यायचा होता, पण मजुरी आधीच गेली होती. टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्राने फोन आणि व्हिडिओवरून उपचार करण्याची नियमावली जाहीर केली. ७ सप्टेंबरला सामाजिक न्याय मंत्रालयाने १३ भाषांत 'किरण' हेल्पलाइन सुरू केली. सेवा दवाखान्यातून फोनवर आली. ज्याला नागपूरचे भाडे परवडत नव्हते त्याला हा आधार झाला, हे मान्य केलेच पाहिजे.

पण फोन कोणाचा? त्या काळात देवळी तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही धान्य वाटत होतो. एक बाई बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, माह्या घरचे रातभर जागेच असते. बोलत नाही, जेवत नाही." मी हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. तिने कागद पाहिला आणि विचारले, "खोली एक, फोन एक, तोही पोराच्या शाळेले. कोनासमोर बोलतीन ते?" माझ्याकडे उत्तर नव्हते. समाजशास्त्राच्या एम.ए.त हा प्रश्न कधी आला नव्हता.

वरून शब्द आला 'सोशल डिस्टन्सिंग'. ज्यांच्या आजोबांनी गावकुसाबाहेर आयुष्य काढले, त्यांना हा शब्द कसा लागला असेल? अंतर शरीरांत ठेवायचे होते, समाजात नव्हे. आणि आपले मन ज्या जागी मोकळे होते त्याच जागा बंद झाल्या. १४ एप्रिलची जयंती घरात झाली. दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा रद्द झाला. विहारातली रविवारची वंदना थांबली. नियम आवश्यकच होते. पण विहार हीसुद्धा एक आरोग्यसेवा आहे, हे आपण तरी ओळखले होते का?

आता आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या झाल्या, २०२१ मध्ये १,६४,०३३. त्यात रोजंदारी मजूर ३२,५६३ वरून ४२,००४ वर गेले. शेतमजूर यात धरलेले नाहीत, त्यांचा रकाना वेगळा. मजुरांचे प्रमाण कोरोनाच्या आधीपासून वाढत होते, म्हणून सगळा दोष विषाणूला देता येत नाही. या अहवालात वय, शिक्षण, व्यवसाय असे रकाने आहेत, जातीचा नाही. जे मोजले जात नाही त्यावर धोरण कसे होणार?

ज्या आशाताईंच्या खांद्यावर हे सगळे उभे होते, त्यांना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी राज्यभर संप करावा लागला. दुसऱ्याचे मन सांभाळणारीचे मन कोणी सांभाळायचे?

मित्रहो, आपल्याकडे कायदा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम १८ परवडणारी आणि जवळ मिळणारी सेवा हा हक्क मानते, आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येणार नाही असे स्पष्ट म्हणते. १८९७ च्या कायद्यात माणूस फक्त ताब्यात घ्यायचा होता, इथे तो हक्कदार आहे. पण बाबासाहेबांचा अनुभव सांगतो, हक्क कागदावरून आपोआप खाली उतरत नाही.

म्हणून आपल्या मागण्या ठोस हव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी समुपदेशक प्रत्यक्ष बसला पाहिजे. आशाताईला या कामाचे वेगळे आणि वेळेवर मानधन मिळाले पाहिजे. आत्महत्येच्या नोंदीत जातीचा रकाना आला पाहिजे. आणि एक काम आपले स्वतःचे : विहारात महिन्यातून एक दिवस फक्त ऐकण्यासाठी ठेवू. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा 'टेलि-मानस'चा मोफत क्रमांक चालू आहे. तो विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहू आणि शेजारी एक फोन ठेवू, दार लावून बोलता येईल असा.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा सुचले. पुढची साथ येण्याआधी ते प्रत्यक्षात यावे.

जय भीम!